मॅडमला ‘वं’ म्हटलं

“मला ‘वं’ म्हणता? मी काय तुमच्या गल्लीतली बाई आहे?”

मॅडमच्या टेबलासमोर मी उभी होते. बाजूला माझी मुलगी श्रेया, वेणीची रिबीन चाचपत. मागे बाकांवर बाकीचे पालक बसलेले. पाचवीच्या पोरांचे ते बाक, मोठ्या माणसांचे गुडघे त्यात मावत नव्हते. शनिवारची पालकसभा होती. मुलाचं नाव पुकारायचं, मूल आणि पालक उठून टेबलापाशी यायचे, मॅडम दोन शब्द सांगायच्या, सही घ्यायच्या, पुढचं नाव.

श्रेयाचं नाव आलं. मॅडम म्हणाल्या, “गणितात मागे पडते आहे ही. लक्ष नसतं.”

मी म्हणाले, “काहून वं मॅडम? घरी तं पाढे धडाधडा म्हनते ते.”

एवढंच. मी मुलीबद्दल विचारत होते. पण मॅडमनी माझा प्रश्न ऐकलाच नाही. त्यातलं एक अक्षर तेवढं उचललं आणि सगळ्या वर्गाला दाखवलं.

पहिल्या बाकावरचे एक साहेब हसले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर लॅपटॉपची बॅग. त्यांच्या शेजारच्या बाईंनी हसू रुमालात धरलं. मागून कुणीतरी हळूच “काहून वं” म्हणून पाहिलं, आणि मग मागचे बाकही हसले.

मॅडम श्रेयाकडे वळल्या. मला वाटलं, आता गणिताचं काढतील.

“श्रेया, सांग बरं आईला. मॅडमशी कसं बोलायचं असतं?”

श्रेयाने माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. दहा वर्षांची पोर. तिला उत्तर येत होतं. उत्तर येत असेल तर सरळ उभं राहून स्पष्ट द्यायचं, हे मीच तिला शिकवलेलं. तिने दिलं.

“मम्मी, मॅडमला अहो म्हणायचं. आणि काहून नाही. का.”

“शाब्बास. आता आई म्हणेल.”

आणि मी म्हटलं. माझ्या तोंडाने म्हटलं. “अहो मॅडम, का?”

पुन्हा हशा. मॅडमनी सहीसाठी कागद पुढे सरकवला. मी सही केली. गणिताचं राहूनच गेलं. पुढचं नाव पुकारलं गेलं आणि आम्ही दोघी बाहेर आलो. पायऱ्या उतरताना श्रेया माझ्या पुढे चालत होती. रोज ती माझं बोट धरते. त्या दिवशी तिने दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरले होते.

हे लिहिताना मी ‘मला’ लिहिते आहे, ‘मले’ नाही. कुणाला वाटेल, बाईला येतं की नीट. येतं. पारशिवनीला दहावीपर्यंत शिकले, मराठीत चांगले मार्क होते. पुस्तकातली भाषा पुस्तकात असते हे आम्हाला लहानपणीच कळतं. शाळेत निबंध लिहायचा तसा लिहायचा, आणि घंटा झाली की माणसांसारखं बोलायचं. आमचे गुरुजीसुद्धा तसंच करायचे. फळ्यावर ‘का’ लिहायचे आणि आम्हाला विचारायचे, “काहून उशीर झाला गा?” त्यात कुणाला कमीपणा वाटल्याचं मला आठवत नाही.

आता ‘वं’चं सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जावं.

बाप्यांना ‘गा’, बायांना ‘वं’. पण हे सगळ्यांना लावायचं अक्षर नाही. बँकेत काउंटरवरच्या बाईला मी ‘वं’ म्हणणार नाही. डॉक्टरीणबाईला म्हणणार नाही. माझ्या कामावरच्या सुपरवायझर बाईला तर मेले तरी म्हणणार नाही, कारण ती माझी कुणी नाही आणि व्हावी अशी माझी इच्छाही नाही. ‘वं’ म्हणजे तू माझ्यातली आहेस. तुझ्याशी मला पदर सावरून बोलायची गरज नाही. माझी आई मला म्हणते, मी माझ्या बहिणीला म्हणते, भाजीवाली ओळखीची झाली की तिला म्हणते. त्यात मान नसतो असं नाही. त्यात अंतर नसतं.

मग मॅडमला काहून म्हटलं? त्यांच्यात आणि माझ्यात अंतर नव्हतं का?

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. मॅडमकडेही आहे. त्या वर्गात आम्हा दोघींनाच ते माहीत होतं.

त्याच वर्षी, शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. मी वाडीला एका गोदामात कामाला आहे. ऑनलाइन मागवलेल्या मालाची पार्सलं येतात, ती गावागावांप्रमाणे लावायची. दिवसभर उभं राहायचं काम, आणि माल वाहणाऱ्या बेल्टच्या आवाजात ओरडून बोलायचं काम. शाळेतून फोन आला, श्रेया जिन्यावरून पडली, हनुवटी फुटली. मी तशीच निघाले. गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही सुचलं नाही.

शाळेजवळच्या दवाखान्यात पोचले तर श्रेया टेबलावर झोपलेली आणि मॅडम तिचा हात धरून बसलेल्या. त्यांनीच तिला स्कूटीवर पुढे घेऊन आणलं होतं. त्यांच्या साडीच्या खांद्यावर माझ्या पोरीचं रक्त होतं. ते पाहून मला रडू फुटलं. मोठ्याने रडले, लाज न बाळगता.

मॅडम उठल्या आणि माझा दंड धरला. म्हणाल्या, “रडू नको वं. टाके घातले, झालं. पोट्टी वाघीन आहे तुही, रडली बी नाई.”

‘वं’ त्या म्हणाल्या. आधी त्या म्हणाल्या.

मग आम्ही दोघी दवाखान्याच्या पायरीवर बसलो. त्यांनी चहा मागवला. कागदी कपातला तो चहा पिता पिता त्या मोकळ्या झाल्या. माहेर उमरेडचं. घरी हातमाग होता, आई मागावर बसायची, मॅडम लहानपणी तिच्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरायच्या. भरता भरता अभ्यास पाठ करायच्या. आता माग गेला, भाऊ कुठल्याशा दुकानात हिशेब लिहितो. “तू जेवली का?” त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं तर रागावल्या. “काहून जेवली नाई? चक्कर येऊन पडशीन.” त्यांच्या तोंडून ते ‘पडशीन’ ऐकून माझा निम्मा घोर गेला. मला वाटलं, माझी पोर घरच्याच बाईच्या हातात आहे.

म्हणून पालकसभेत मी ‘वं’ म्हटलं. ठरवून नाही. त्यांना पाहिलं आणि तोंडातून आलं. दवाखान्याच्या पायरीवर जे चाललं ते वर्गात चालत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या सूचना फोनवर येतात, बुटाला पॉलिश करा, डब्यात तळलेलं देऊ नका. ही सूचना आली नव्हती.

पुष्कळ दिवसांनी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मॅडम रागावल्या, पण लगेच नाही रागावल्या. मी ‘वं’ म्हटल्यावर त्यांनी आधी पहिल्या बाकाकडे पाहिलं. त्या साहेबांनी ऐकलं का, ते पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. मग मॅडमना राग आला.

म्हणजे मॅडम भ्यायल्या होत्या. मी त्यांना सगळ्यांसमोर उमरेडच्या केलं होतं. आणि त्यातून सुटायला त्यांनी माझी पोर पुढे केली. मला स्वतः बोलल्या असत्या तर मी दोन दिवसांत विसरले असते. सुपरवायझर याहून वाईट बोलते. पण त्यांनी ते काम माझ्या लेकराकडून करून घेतलं, वर शाब्बास म्हटलं. ते मी विसरू शकत नाही.

श्रेयाला ती शाब्बासकी लागू पडली. पोरांना लागू पडतेच.

त्या दिवसापासून घरात तपासणी सुरू झाली. मी म्हणावं, “मले पानी दे,” की ती म्हणणार, “मला.” मी म्हणावं, “जेवून घे, मी भांडे घासून राहिली,” की, “घासते आहे, मम्मी.” आधी मला हसू यायचं. मी तिला चिडवायचे, आली माही मास्तरीन. मग एकदा माझ्या आईचा गावाहून फोन आला. फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, “काय करून राहिली वं श्रेया?” आणि ही म्हणाली, “आजी, नीट बोल ना.” आई आधी हसली. मग ठेवते म्हणाली. पुढच्या वेळी फोन आला तेव्हा आईने नातीला मागितलंच नाही. “अभ्यास करत असन ते, राहू दे,” म्हणाली.

नवरा ट्रकवर असतो. आठ-पंधरा दिवसांनी घरी येतो, दोन दिवस झोपतो. त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “कायले डोकं लावून राहिली? मॅडमसंग वैर घेतलं तं पोट्टीलेच तरास होईन. मोठी शाळा आहे. तू चूप राह्य.”

मी चूप राहिले.

मधल्या काळात शाळेने पालकांसाठी एक व्याख्यान ठेवलं. शिक्षक आणि पालकांचं नातं कसं घट्ट करायचं, असा विषय. मोठे पाहुणे आले होते, पडद्यावर चित्रं दाखवत होते. मूल म्हणजे रोपटं, शिक्षक माळी, पालक म्हणजे माती. मी माती होते. ते म्हणाले, पालकांनी शिक्षकांशी मोकळेपणाने बोललं पाहिजे, मनात काही ठेवू नये. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमही बाजूला उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी वाजवल्या नाहीत. मोकळेपणाने बोललं की काय होतं ते मी भोगून बसले होते, आणि मला राग आवरत नव्हता. पाहुण्यांनी शेवटी विचारलं, कुणाला काही प्रश्न? माझ्या मनात होता. तो ‘काहून’नेच सुरू होत होता. मी उठले नाही.

दुसऱ्या पालकसभेचं मला कळलंच नाही.

गोदामात माझ्याबरोबर वंदना आहे. तिचा मुलगा श्रेयाच्याच वर्गात. शनिवारी डबा खायला बसलो तर ती म्हणाली, “तू मीटिंगले नाई गेली का वं? माहे मिस्टर गेले.”

“कोनती मीटिंग?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी डबा तसाच बंद केला. सुपरवायझरला सांगितलं, पोर आजारी आहे. खोटंही नव्हतं ते. रिक्षात बसले तेव्हा मला वाटत होतं, शाळेचा निरोप आला नसेल, फोन बिघडला असेल. आईचं मन आधी फोनवर संशय घेतं.

शाळेच्या व्हरांड्यात मोठा कापडी फलक लावलेला. ‘शिक्षक-पालक सुसंवाद सप्ताह’. खाली एकमेकांत गुंतलेले हात काढलेले. त्याच्या पलीकडे पाचवीचा वर्ग. मी खिडकीतून पाहिलं.

मॅडमच्या टेबलासमोर श्रेया उभी होती. तिच्या शेजारी आमच्या घरमालकीण काकू.

काकू चांगल्या आहेत, हे आधीच सांगते. त्यांचे मिस्टर बँकेतून रिटायर झाले. खालच्या मजल्यावर ते दोघं, वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने. काकूंची मराठी रेडिओवर असते तशी. श्रेया त्यांच्याकडे पुस्तकं वाचायला जाते. त्या दिवशी त्यांनी चांगली साडी नेसली होती, चष्मा लावला होता आणि मॅडम सांगत होत्या ते मान हलवून ऐकत होत्या. मॅडम हसून बोलत होत्या. श्रेया सरळ उभी होती, हात मागे बांधून. तिघी कशा एका घरातल्या दिसत होत्या.

मी आत गेले.

मला पाहून श्रेयाचा चेहरा पडला. चोरी पकडल्यावर होतो तसा नाही. आपल्या घरातलं काही सगळ्यांसमोर उघडं पडल्यावर होतो तसा.

काकू घाबरून म्हणाल्या, “अगं, श्रेया म्हणाली तुला सुट्टी नाही मिळाली. मला वाटलं, तूच पाठवलंयस.”

मी श्रेयाकडे पाहिलं. ती मॅडमकडे पाहत होती. माझ्या फोनवरचा शाळेचा निरोप कुणी पुसला असेल, ते मला कळलं.

मॅडम म्हणाल्या, “तिला रागावू नका. मीच सांगितलं होतं, घरात कुणी नीट बोलणारं असेल तर त्यांना घेऊन ये.”

हे मॅडमनी अगदी शांतपणे सांगितलं. मदत केल्यासारखं. मला आधी ते कळलंच नाही. मग कळलं, आणि माझे कान तापले. माझी पोर नऊ महिने माझ्या पोटात होती. तिला माझ्या जागी दुसरी आई आणायला सांगितलं, आणि कारण काय, तर मी ‘मले’ म्हणते.

मागच्या वेळी मी म्हटलं होतं, ‘अहो मॅडम, का?’ या वेळी मी तसं बोलले नाही. येत असून बोलले नाही.

“काकू, तुमी बसा. पन माह्या जागेवर नाई.”

काकू बाजूला झाल्या. मी त्यांच्या जागी उभी राहिले.

“सांगा मॅडम. मले सांगा.”

“मी काकूंना सगळं सांगितलंय. त्या तुम्हाला समजावतील.”

“मले मराठी समजते. मलेच सांगा.”

पहिल्या बाकावर तेच साहेब होते. या वेळी हसले नाहीत, घड्याळ पाहिलं. मॅडमनी एक श्वास घेतला आणि सांगितलं. श्रेया वर्गात बोलत नाही. प्रश्न विचारला तर उभी राहते, पण तोंड उघडत नाही. प्रकट वाचनाला उठवलं तर रडते. उत्तर येत असतं, पण शब्द चुकेल म्हणून बोलत नाही. “कॉन्फिडन्स गेलाय तिचा,” मॅडम म्हणाल्या.

“कोनी नेला?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“घरी मले दिवसभर शिकवते ते. माह्या मायले बी शिकवते. तिथं तिचं तोंड बंद नाई. इथं काहून बंद झालं?”

“घरची भाषा अशी असली की मुलं बुजतात. त्यांना भीती वाटते, आपण चुकू.”

“भीती भाषेची नाई मॅडम. हसन्याची आहे. तुमी सगळ्यायले माह्यावर हसू देलं. माह्या पोट्टीले माह्यावर उभं केलं. तिनं पाह्यलं न, बोलनं चुकलं तं काय होते. आता ते कायले तोंड उघडन?”

मॅडमचा चेहरा लाल झाला.

“तुमी एकच करा,” मी म्हणाले. “ते चुकलं म्हना. मले नाई. तिले सांगा. सगळ्यायसमोर केलं तं सगळ्यायसमोर सांगा.”

“मी पाचवीच्या मुलीची माफी मागू?”

मी हो म्हणाले.

कुणीतरी जाऊन मुख्याध्यापकांना बोलावून आणलं. त्यांनी आधी मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. मग त्यांनी सुसंवाद हा शब्द दोनदा वापरला. पालकांनी शिक्षकांचा आदर ठेवला पाहिजे म्हणाले. मग खालच्या आवाजात, “तुम्हाला शाळा पटत नसेल तर दाखला कधीही मिळेल.” तेवढं मात्र त्यांनी मोकळेपणाने सांगितलं.

मला खरं वाटत होतं, कुणीतरी उठेल. वंदनाचा नवरा मागच्या बाकावर होता. तो आमच्यासारखाच बोलतो. त्याने खाली पाहिलं. आणखी दोघी-तिघी होत्या, कामावरून आलेल्या, माझ्यासारख्याच साडीतल्या. पहिल्या सभेत माझ्यावर हसणाऱ्यांत त्याही होत्या, हे मला तेव्हा आठवलं. आपला नंबर येऊ नये म्हणून माणूस आधीच हसून घेतो.

आणि श्रेया बोलली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या वर्गात मोठ्याने बोलली.

“मम्मी, तू घरी जा ना.”

अगदी शुद्ध. काना-मात्रा कुठे चुकला नाही.

मी गेले नाही. बाकीचे पालक एकेक करून उठून गेले तोवर तिथेच उभी राहिले. मॅडमनी उरलेली नावं पुकारली, माझ्या बाजूने वाट काढून लोक टेबलापाशी आले आणि गेले. मी हलले नाही. काकू श्रेयाला घेऊन कधी गेल्या ते मला कळलं नाही. शेवटी शिपाई दारं लावायला आला.

गेटाबाहेर मॅडम स्कूटी काढत होत्या. आजूबाजूला कुणी नव्हतं. मला पाहून त्या थांबल्या. हेल्मेट हातात होतं. त्यांचे डोळे भरलेले होते, ते मी पाहिलं, खोटं कशाला सांगू.

“माही बी नोकरी आहे न वं,” त्या म्हणाल्या. “ते लोक तक्रारी करतेत. मॅडमची भाषा अशी, मॅडमची भाषा तशी. मले किती ऐकून घ्या लागते तुले काय सांगू. समजून घे न.”

ती दवाखान्याच्या पायरीवरची बाई पुन्हा माझ्यासमोर उभी होती. मला तिचा हात धरावासा वाटला. खरंच वाटला. मी तिला म्हटलं असतं, जाऊ दे वं, माह्या बी लक्षात आलं ते. दोघी रडलो असतो. मग सोमवारी ती आत जाऊन पुन्हा ‘मला’ म्हणाली असती, आणि माझी पोर तोंड मिटून बसली असती. आमचं गोत गेटाबाहेर, आणि आतमध्ये मी कुणी नाही. असलं नातं मला नको होतं.

“हे आत म्हना, मॅडम,” मी म्हणाले. “तिच्यासमोर म्हना. इथं नको.”

त्यांनी हेल्मेट घातलं. स्कूटी सुरू केली आणि निघून गेल्या.

त्याला आता बरेच दिवस झाले. मॅडमनी काही म्हटलं नाही. म्हणणारही नाहीत, असं मला वाटतं. श्रेयाला त्यांनी त्रास दिला नाही, तेवढं खरं. तिला आता प्रश्नच विचारत नाहीत. ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसते. श्रेया माझ्याशी कामापुरतं बोलते, मोजकं आणि नीट. माझं चुकलं तर आता दुरुस्तही करत नाही. ती करायची तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, केलं असतं तर बरं होतं. काकू जिन्यात भेटल्या की घाईत असतात. नवऱ्याला शाळेतून फोन गेला होता. तो घरी आला आणि माझ्याशी न बोलता परत गाडीवर गेला. वंदना म्हणते, तू बरोबर बोलली, पन आपल्याच्यानं काय होते. ती डबा माझ्याशेजारीच खाते, पण शाळेचं नाव काढत नाही.

दाखला काढावा का, याचा विचार मी केला. दुसरी शाळा. तिथेही बाक असतील, पहिल्या बाकावर साहेब असतील आणि उमरेडहून नाही तर काटोलहून आलेली एखादी मॅडम त्यांच्याकडे पाहून माझ्यावर रागावेल. दाखला काढून मी फक्त हे सिद्ध करेन, की मी जागा सोडू शकते. ते त्यांना आधीच ठाऊक आहे.

माझी मुलगी मला परत मिळेल असं मला वाटत नाही. निदान लवकर नाही. कदाचित ती मोठी होऊन काकूंसारखं बोलेल, कुठेतरी नोकरी करेल आणि मला बाहेर उभं राहायला सांगेल. तिला दोष देत नाही. तिला तसं करायला शिकवलं, ते कुणी आणि कुठे, मला माहीत आहे.

येत्या शनिवारी पालकसभा आहे. या वेळी मी शाळेत फोन करून तारीख विचारून घेतली. मी पहिल्या बाकावर बसणार आहे, साहेबांच्या शेजारी. श्रेयाचं नाव पुकारलं की मीच उठणार. मॅडमना विचारणार, तिले कवा सांगता? त्या पुढचं नाव पुकारतील. मी पुढच्या सभेत परत विचारेन. पाचवी संपेल, सहावी येईल, मॅडम बदलतील, नव्या मॅडमलाही विचारेन. काहून केलं, म्हणेन. तोच शब्द, तसाच.

श्रेया उठून मैदानात जाईल. जाऊ दे. वर्गाच्या खिडक्या उघड्या असतात, आणि माझा आवाज गोदामातला आहे.